टाकाऊ पॅलेटची टिकाऊ मांडणी

कारखान्याच्या फाटकाजवळ किंवा मोठ्या गोदामाच्या मागे, फळ्या ठोकून केलेले लाकडी चौथरे एकावर एक रचलेले तुम्ही पाहिले असतील. यांना पॅलेट म्हणतात. पॅलेटवर माल रचला, की फोर्कलिफ्टचे दोन पोलादी दांडे खालच्या पोकळीत शिरतात आणि सगळा माल एकदम उचलतात. युरोपातील प्रमाणित पॅलेट १२०० मिलिमीटर लांब व ८०० मिलिमीटर रुंद असते. त्यात ११ फळ्या, ९ ठोकळे व ७८ खिळे असतात. त्याचे वजन सुमारे २५ किलो. पण ते १५०० किलो भार पेलते!

अशी जुनी पॅलेटे पुष्कळदा सरपण म्हणून जाळली जातात. कोरड्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो. म्हणजे १० किलो कोरडे लाकूड जाळले, की त्यातील ५ किलो कार्बनपासून सुमारे १८ किलो कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. त्याच लाकडाची मांडणी केली, तर तो कार्बन अनेक वर्षे घरातच राहतो.

शिक्का वाचायला शिका

परदेशातून न्हावा-शेवासारख्या बंदरात उतरणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चित्र असलेला शिक्का असतो. त्याला कारण आहे. लाकडाबरोबर कीडही प्रवास करते. आशियातील लांब मिशांचा एक भुंगेरा १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये आढळला. तो मालाच्या लाकडी वेष्टनातून गेला असावा असे मानतात. तेथील मेपलसारखी हजारो झाडे तोडावी लागली. म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला, की मालाच्या लाकडावर प्रक्रिया करूनच ते दुसऱ्या देशात पाठवावे.

शिक्क्यावर 'एच टी' ही रोमन अक्षरे असतील, तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले आहे. 'एम बी' असेल, तर ते मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरावलेले आहे. हा वायू ओझोनच्या थरालाही घातक आहे. असे पॅलेट घरकामासाठी घेऊ नका.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पॅलेटवर नंतर कोणते रसायन सांडले, हे शिक्का सांगत नाही. तेव्हा डागाळलेले, तेलकट किंवा वास येणारे पॅलेट नकोच. दुसरे असे, की उष्णतेने आतली कीड मरते, पण नवी वाळवी लागायची थांबत नाही. म्हणून हे लाकूड ओल्या जमिनीला टेकवू नये. छपराच्या तुळईसाठीही ते वापरू नये.

फळ्या सोडवताना

पॅलेट मालकाला विचारूनच घ्या. बरीच पॅलेटे पुन्हा वापरण्यासाठी परत जायची असतात. काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करा. पायात बूट, हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा.

येथे तरफेचा नियम उपयोगी पडतो. पहारीचा टेकू खिळ्यापासून ३ सेंटिमीटरवर आणि तुमचा हात टेकूपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर बल २० पट होते. परंतु पॅलेटचे खिळे बहुधा पिळाचे असतात. ते लाकडाला घट्ट धरतात आणि जोर केल्यास फळीच फाटते. अशा वेळी फळी व ठोकळा यांच्यामधील फटीत लोखंड कापण्याची करवत घालून खिळा कापावा. तुटलेले खिळे लाकडात लपून राहतात. फळीवरून चुंबक फिरवा. जेथे ओढ जाणवेल तेथे खूण करा, म्हणजे रंधा खराब होणार नाही. शेवटी काचकागदाने घासताना नाकावर रुमाल बांधा.

करून पाहा

एक लाकडी फूटपट्टी दोन पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर आडवी ठेवा आणि मध्यभागी वजन टांगा. ती वाकेल. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून तेवढेच वजन टांगा. वाकणे दिसणारही नाही. असे का? फळीचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १० सेंटिमीटर रुंद व २ सेंटिमीटर जाड फळीसाठी:

आडवी : १० × २ × २ × २ = ८०
उभी : २ × १० × १० × १० = २०००

म्हणजे उभी फळी २५ पट ताठ!

याच नियमाने मांडणीच्या प्रत्येक फळीखाली पुढच्या कडेला एक उभी पट्टी ठोका. अंतरालाही असाच नियम आहे: दोन आधारांमधील अंतर निम्मे केले, तर तेवढ्याच भाराने फळी एक अष्टमांशच वाकते. म्हणून पुस्तकांच्या मांडणीला मध्ये एक आधार द्यावा. मांडणी भिंतीला स्क्रूने पक्की करा, म्हणजे ती पुढे कलंडणार नाही.

आता एक प्रश्न: २ ऐवजी ३ सेंटिमीटर जाडीची फळी आडवी वापरली, तर ती किती पट ताठ होईल? उत्तर आधी गणिताने काढा, मग दोन फळ्या घेऊन पडताळून पाहा.