मुलाची उंची आणि चेंडूचा वेग

आपल्या डॉक्टर मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा लेख मागताना संपादकांनी एक अट घातली. विषय वैद्यकीय असावा, परंतु डॉक्टर नसलेल्या वाचकांनाही तो आपला वाटावा. विचार करता करता माझ्या ध्यानात आले की, बालरोगतज्ज्ञ म्हणून बऱ्हाणपुरात इतकी वर्षे काढल्यावर ताप आणि जुलाब यांच्या खालोखाल जर कोणता प्रश्न मला विचारला गेला असेल तर तो हा : "डॉक्टरसाहेब, ह्याची उंची वाढेल का?" मुलींचे आईवडील लग्नाच्या चिंतेने विचारतात, मुलांचे पोलीस भरतीच्या. आणि अलीकडे, म्हणजे क्रिकेटच्या निवड शिबिरांचे पेव फुटल्यापासून, खेळासाठीही विचारतात. या शेवटच्या प्रश्नाला मी एकदा जे उत्तर दिले त्याची टोचणी आजही आहे. म्हणून हा लेख.

सन २००१ च्या उन्हाळ्यात पॉवरलूमवर काम करणारे एक गृहस्थ आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा निरोगी होता. तो वेगवान गोलंदाजी करीत असे आणि तापीकाठच्या मैदानावर मोठी मुलेही त्याला बिचकत, असे वडील अभिमानाने सांगत होते. एका निवड शिबिरात त्याचे दोन चेंडू पाहून त्याला बाजूला काढण्यात आले; कारण 'उंची नाही'. मी मोजले. एकशे एकेचाळीस सेंटीमीटर. वडील एकशे बासष्ट, आई एकशे पन्नास. आम्ही डॉक्टर अशा वेळी एक सोपे गणित मांडतो. मुलगा असल्यास आईवडिलांच्या उंचीच्या बेरजेत तेरा मिळवायचे आणि दोनाने भागायचे. उत्तर साडेएकशे बासष्ट आले. मागेपुढे आठेक सेंटीमीटर धरायचे असतात, पण मी ते धरले नाहीत. म्हणालो, "फार तर पाच फूट चार इंच होईल. फास्ट बोलिंग ह्याच्या शरीराचे काम नव्हे. अभ्यासाकडे वळवा." वडिलांनी मान डोलावली. मुलगा काही बोलला नाही. त्याने खेळ सोडला, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

माझे गणित बरोबर होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चूक होता. आणि तो चूक आहे हे सांगणारे उदाहरण माझ्या स्वतःच्या बालपणात होते, हे अधिक लाजिरवाणे.

ते उदाहरण म्हणजे मुंबईचे रमाकांत देसाई. १९३९ साली जन्मलेले देसाई १९५९ ते १९६८ या काळात भारतातर्फे अठ्ठावीस कसोटी सामने खेळले आणि त्यांनी चौऱ्याहत्तर बळी घेतले. ते भारताचे प्रमुख वेगवान गोलंदाज होते आणि त्यांची उंची होती सुमारे पाच फूट चार इंच. क्रिकेटच्या जगाने त्यांना 'टायनी' हे नाव दिले. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध ते पहिला कसोटी सामना खेळले तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस होते. पाहुण्यांनी ८ बाद ६४४ धावांचा डोंगर रचला. त्या डावात या किरकोळ शरीराच्या मुलाने एकोणपन्नास षटके टाकली आणि १६९ धावांत चार बळी मिळविले. त्याच मोसमात रणजी स्पर्धेत त्यांनी पन्नास गडी बाद केले. पुढे १९६०-६१ च्या मालिकेत पाकिस्तानचे हनीफ महंमद यांना त्यांनी चार वेळा बाद केले. हनीफही ठेंगणेच. एका ठेंगण्याने दुसऱ्या ठेंगण्याला आखूड चेंडूंनी हैराण करावे, हे दृश्य पाहण्याजोगे असले पाहिजे.

परंतु मला आठवते ती १९६८ ची गोष्ट. मी तेव्हा सहावीत होतो. न्यूझीलंडमध्ये ड्यूनेडिन येथे कसोटी चालू होती. यजमानांच्या ३५० धावांना उत्तर देताना भारताचे नऊ गडी ३०२ वर गेले होते. डिक मोट्झ यांचा चेंडू लागून देसाई यांचा जबडा मोडला. ते मैदान सोडून गेले नाहीत. बिशनसिंग बेदी यांच्या साथीत त्यांनी शेवटच्या गड्यासाठी सत्तावन्न धावा जोडल्या आणि ते स्वतः ३२ धावांवर नाबाद राहिले. अठ्ठेचाळीस धावांची पिछाडी व्हायची तिथे भारताला नऊ धावांची आघाडी मिळाली. तो सामना आपण पाच गडी राखून जिंकला आणि परदेशी भूमीवरचा भारताचा तो पहिला कसोटी विजय ठरला. जबड्याचे हाड मोडल्यावर दातांवर दात बसत नाहीत, गिळतानाही कळ मस्तकात जाते, हे येथील डॉक्टर वाचकांना सांगायला नको. भुसावळकडून येणाऱ्या गाडीने वर्तमानपत्र आले तेव्हा माझे वडील ते वाचून म्हणाले, "पाहिलेस? तुझ्याएवढाच आहे." मी वर्गात सर्वांत बुटका होतो. पुढे बरेच दिवस मी जबड्याला फडके बांधून गल्लीत फलंदाजी करीत असे.

हे सर्व मला ठाऊक असताना, बरोबर पाच फूट चार इंच हाच आकडा काढून मी त्या मुलाला वाट बंद आहे असे सांगितले.

येथे कोणी म्हणेल की, ठेंगण्या खेळाडूंची उदाहरणे द्यायची तर सुनील गावस्कर आणि सचिन तेंडुलकर आहेतच की. दोघेही साधारण पाच फूट पाच इंच. गावस्कर यांनी १९७१ साली पहिल्याच मालिकेत वेस्ट इंडीजविरुद्ध चार सामन्यांत ७७४ धावा केल्या, आणि कसोटीत दहा हजार धावांचा टप्पा सर्वप्रथम त्यांनीच १९८७ मध्ये ओलांडला. तेंडुलकर यांच्या शंभर शतकांविषयी काय लिहावे! परंतु माझ्या मते ही उदाहरणे फार सोपी आहेत. फलंदाजाला कमी उंचीचा तोटा असतो तसा उघड फायदाही असतो. शरीराचा गुरुत्वमध्य खाली असल्याने पाय झटकन हलतात, तोल सावरतो, आखूड चेंडूखाली डोके चटकन जाते. प्रश्नाची खरी कसोटी लागते ती जेथे उंची हीच पात्रता मानली जाते तेथे, म्हणजे वेगवान गोलंदाजीत.

तेव्हा उंचीने नेमके काय मिळते ते पाहू. वेस्ट इंडीजचे जोएल गार्नर सहा फूट आठ इंचांचे. त्यांच्या आणि देसाई यांच्या उंचीत सोळा इंचांचा फरक, आणि हातही लांब असल्यामुळे चेंडू सुटण्याच्या जागेत त्याहूनही थोडा अधिक. एवढ्या वरून आलेला चेंडू अधिक तिरपा पडतो आणि अधिक उसळतो. चांगल्या टप्प्यावरचा चेंडू छातीवर येतो, हा फायदा खराच आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण उसळी म्हणजे वेग नव्हे. वेग येतो धावेतून, पुढचा पाय टेकताच शरीर त्यावर रोखले जाण्यातून, कंबर आणि खांदे एकामागून एक फिरण्यातून आणि शेवटी हाताच्या गरगर फिरण्यातून. लांब हात एकाच गतीने फिरला तर टोकाला अधिक वेग देतो, हे खरे. पण आखूड आणि हलका हात फिरवायला सोपा, म्हणून तो अधिक जलद फिरू शकतो. शिवाय बुटक्या गोलंदाजाचा चेंडू सपाट येतो आणि टप्प्यानंतर उसळण्याऐवजी घसरतो. त्याचा आखूड चेंडू डोक्यावरून निघून न जाता गळ्याशी येतो. ताशी १४० किलोमीटर वेगाच्या चेंडूला फलंदाजाकडे पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो, आणि त्यातला बराच वेळ डोळ्याने पाहून मेंदूने निर्णय घेण्यात जातो. उसळीचा अंदाज चुकला तर तो सुधारायला वेळ उरत नाही. वेस्ट इंडीजच्याच त्या उंचपुऱ्या तोफखान्यात माल्कम मार्शल सहा फुटांच्या आतले होते. त्यांचे कसोटी बळी ३७६, गार्नर यांचे २५९.

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत स्थायिक झालेला माझा पुतण्या तेथील महाविद्यालयीन फुटबॉलचा भक्त आहे. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू संघाचा सूत्रधार असतो. त्याला आपल्याच संघाच्या साडेसहा फुटी पहारेकऱ्यांच्या डोक्यांवरून पाहून चेंडू फेकायचा असतो, म्हणून तो उंच हवा, अशी तेथील परंपरागत समजूत. तरीही मोसमातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक १९८४ मध्ये डग फ्लूटी, २०१८ मध्ये कायलर मरे आणि २०२१ मध्ये ब्राइस यंग या सुमारे पाच फूट दहा इंचांच्या क्वार्टरबॅकनी पटकावला. पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे ते पहारेकऱ्यांच्या वरून पाहत नाहीत, दोघांमधल्या फटीतून पाहतात. म्हणजे शरीराने खेळ ठरविला नाही, खेळण्याची रीत ठरविली. मला हे पटते.

तरी एक बाजू सांगितली नाही तर लेख लबाडीचा होईल. देसाई यांची कसोटीतील सरासरी प्रत्येक बळीमागे ३७ धावांच्या वर गेली आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांची कसोटी कारकीर्द संपली. हा उंचीचा दोष होता काय? अंशतः असेलही. लहान चणीच्या शरीराला तोच वेग काढण्यासाठी अधिक राबावे लागते. पण मला त्याहून मोठे कारण दिसते ते कामाचे ओझे. निर्जीव खेळपट्ट्या आणि दुसऱ्या टोकाला तोलामोलाचा जोडीदार नाही, अशा स्थितीत एकोणीस वर्षांच्या मुलाकडून एका डावात एकोणपन्नास षटके टाकून घेतली तर सहा फुटी माणूसही झिजेल. वाढीच्या वयातील वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्यांना अतिश्रमाने सूक्ष्म भंग होतात, हे आता सर्वमान्य आहे. गोलंदाजी करणाऱ्या मुलाच्या वडिलांना मी आज उंचीपेक्षा षटकांची संख्या आधी विचारतो.

आता वैद्यकाकडे वळतो. तेरा वर्षांची दोन मुले शेजारी उभी केली तर जन्मतारखेने ती समवयस्क असतात, हाडांच्या वयाने असतीलच असे नाही. मुलांमध्ये वयात येण्याची सुरुवात नवव्या ते चौदाव्या वर्षाच्या दरम्यान केव्हाही होऊ शकते. झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो आणि त्या एका वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटीमीटर वाढतो. ज्याचा हा काळ लवकर आला तो तेराव्या वर्षी उंच, खांद्यांनी रुंद आणि वेगवान दिसतो. ज्याचा यायचा आहे तो मागे दिसतो. अठराव्या वर्षी चित्र पुष्कळदा उलटलेले असते. त्यामुळे तेराव्या वर्षी उंचीवर केलेली निवड ही बव्हंशी वयात आधी आलेल्या मुलांची निवड असते. डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढता येते, पण ते ज्याला वैद्यकीय गरज आहे त्याचेच काढावे. शिबिरासाठी नव्हे.

पालकांनी केव्हा यावे, हेही सांगतो. मुलगा बुटका आहे एवढ्यावरून घाबरू नये; तो वर्षाला किती वाढतो ते पाहावे. वयात येण्यापूर्वी वाढ वर्षाला चार-पाच सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, किंवा भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या तक्त्यावर त्याची रेषा खाली घसरत असेल, तर तपासणी हवी. रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंडाचे विकार आणि आपल्या गहू खाणाऱ्या प्रदेशात विसरता न येणारा सीलिअॅक रोग ही कारणे सापडू शकतात. मुलीच्या बाबतीत टर्नर सिंड्रोम लक्षात ठेवावा. वाढीचे संप्रेरक ठरावीक निदानांसाठीच आहे, ते टॉनिक नव्हे. उंची वाढविणाऱ्या पावडरी आणि दांड्याला लोंबकळणे यांविषयी न लिहिलेलेच बरे.

तो मुलगा गेल्या वर्षी आला. सदतीस वर्षांचा, पाच फूट पाच इंच, स्वतःची दोन लूम चालविणारा. मी ओळखले नाही. त्याने ओळख दिली. सोबत दहा वर्षांची मुलगी होती, तिला खोकला होता. मी क्षमा मागितली तेव्हा तो हसून म्हणाला, "जाऊ द्या डॉक्टरसाहेब, तुम्ही माप तर बरोबरच काढले होते." मग मुलीकडे पाहून म्हणाला, "हीसुद्धा टाकते. हिची उंची नका सांगू."

मी तिची उंची मोजून कार्डावर लिहिली, सहा महिन्यांनी पुन्हा मोजायला बोलावले, आणि एका दिवसात किती चेंडू टाकतेस ते विचारले. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिले.