रोहिणी ते गोदावरी : नदीच्या व्यवस्थापनात लोकांचे स्थान

वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, असे परंपरा सांगते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र त्याचे कारण एका नदीच्या पाण्याशी जोडले. शाक्य व कोलिय हे दोघेही रोहिणीच्या पाण्यावर शेती करीत. पाणी आधी कोणी घ्यावे आणि किती घ्यावे, यावरून तंटे नित्याचे होते. एका वर्षी मारामारी झाली आणि शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने सुचविले की आधी चौकशी व्हावी. आपण दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा. सूचना बहुमताने फेटाळली गेली. पुढचा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे.

हा प्रसंग मी वर्गात शिकवतो तेव्हा फळ्यावर रोहिणीशेजारी गोदावरीचाही नकाशा काढतो. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून १४६५ किलोमीटर वाहत ती बंगालच्या उपसागराला मिळते. पण आपला तंटा घरातलाच आहे. वर नाशिक व नगर जिल्ह्यांतील गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा ही धरणे. खाली पैठणचे जायकवाडी. अवर्षणाच्या साली वरचे म्हणतात, आमची पिके जळतील; खालचे म्हणतात, आम्हांला प्यायलाही पाणी नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने खोऱ्यातील टंचाई सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावी असे तत्त्व घातले. मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे प्राधिकरणाने २०१४ मध्ये सूत्र ठरविले : १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे तत्त्व मान्य केले. सूत्र आहे, कायदा आहे. तरीही पाणी सोडण्याची वेळ आली की मोर्चे निघतात आणि कोर्टकचेऱ्या सुरू होतात. याचे कारण माझ्या मते एकच आहे. वरचा शेतकरी आणि खालचा शेतकरी एका सतरंजीवर कधी बसलेच नाहीत. रोहिणीकाठचा तो ‘पाचवा माणूस’ आपण निवडलाच नाही.

संपूर्ण खोरे हा एकच घटक मानून नदीचा विचार करावा, ही दृष्टी देशात रुजविण्यात बाबासाहेबांचा मोठा वाटा आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि सिंचन व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ च्या दामोदरच्या महापुरानंतर पूरनियंत्रण, सिंचन, वीज व जलवाहतूक यांची एकत्रित योजना आखली गेली. १९४५ मध्ये आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पाया घातला गेला. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ आले. आपल्या समाजातही हा इतिहास फार थोड्यांना ठाऊक आहे. तथापि इतिहासाच्या शिक्षकाने अर्धेच सांगू नये. दामोदरच्या धरणांखाली ज्यांची शेते बुडाली, त्या संथाळांना महामंडळात जागा नव्हती. १९५६ च्या नदी मंडळ कायद्याखाली तर आजतागायत एकही मंडळ स्थापन झालेले नाही.

लोक बसले तर काय घडते, हे पाहण्यास दूर जावे लागत नाही. नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी शेपटाकडील ओझरला पुरेसे पोहोचत नव्हते. बापू उपाध्ये व समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी १९९० च्या सुमारास तेथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या. त्यांतील एकीला महात्मा फुले यांचे नाव आहे. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी वेळेवर भरायची, पाळी संस्थेनेच ठरवायची. पुढे साऱ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने अशा संस्थांना कायदेशीर आधार दिला आणि कालव्याच्या शीर्ष, मध्य व पुच्छ या तिन्ही भागांना संचालक मंडळात प्रतिनिधित्व दिले.

हे सर्व मोठ्या उत्साहाने सांगत असता नववीतील एका मुलीने विचारले, “सर, आमच्याकडे शेतीच नाही. मग आमच्या आईला त्या संस्थेत बसता येईल का?” तिची आई दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला जाते. कालव्याला पाणी आले नाही तर तिचा रोजगार सर्वांत आधी बुडतो. मला ‘नाही’ म्हणावे लागले. सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकालाच मिळते. ज्यांना जमीन मिळू दिली गेली नाही, त्यांना पाण्याच्या सभेतूनही बाहेर ठेवणारा हा नियम आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला, हे ती मुलगी आदल्याच आठवड्यात शिकली होती.

मग मी तिला पुरंदर तालुक्यातील नायगावची हकिकत सांगितली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायत उभारली. पाण्याचा वाटा जमिनीप्रमाणे न देता माणशी अर्ध्या एकराचा, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचा ठरला. भूमिहीनांनाही हक्क मिळाला. ऊस लावायचा नाही, हेही सर्वांनी मिळून ठरविले. कारण एकाच्या उसात दहा जणांची ज्वारी बुडते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जात नसे.

तिने हे सगळे वहीत उतरून घेतले आणि घरी आईला वाचून दाखविले, असे नंतर कळले. तेव्हापासून दर १५ ऑक्टोबरला नववीचा वर्ग नाथसागराच्या साठ्याची टक्केवारी फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो. शेजारी ६५ हा आकडा असतो. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आपल्या गावच्या पाणीवापर संस्थेत संचालक असतील, तर तिथल्या सभेला भूमिहीन कुटुंबांतील किती जणांना बोलावले जाते, तेवढे या वर्गाला पत्राने कळवावे.