पैसे आज, मॉड्यूल उद्या

मॉड्यूलर सिंथेसायझर सहसा तयार वाद्य म्हणून घेतला जात नाही. ऑसिलेटर एकाचा, फिल्टर दुसऱ्याचा, असे तुकडे म्हणजेच मॉड्यूल रॅकमध्ये बसवायचे आणि पॅच कॉर्डने जोडायचे. 1995च्या सुमारास जर्मनीच्या डीटर डोएप्फर यांनी ए-100 मालिका आणली. तिची मापं इतरांनीही स्वीकारली, त्यांनाच आज युरोरॅक म्हणतात. मापं ठरल्यामुळे एक-दोन माणसांचे कारखानेही या धंद्यात उतरू शकले. युरोपातल्या अशाच एका कारखान्याचा मी पुण्यातला जुना गिऱ्हाईक. त्यातून आलेलं शहाणपण:

1. कानाला पटलं तरच टिकून राहा. त्यांच्या फिल्टरचा रेझोनन्स पूर्ण वाढवला की तो स्वतःच गाऊ लागतो, आणि चढत्या सप्तकांतही सुरात राहतो. मी परत परत त्यांच्याकडे जातो तो यासाठी. मालक स्वभावाने गोड आहे, ही वेगळी गोष्ट.

2. उशिराचं कारण समजून घ्या. एक पोटेन्शिओमीटर किंवा एक चिप मिळाली नाही तरी अख्खी बॅच अडते. 2020 नंतरच्या चिपटंचाईत छोटे उत्पादक रांगेत शेवटी होते. तेव्हा मी तक्रार केली नाही.

3. उशीर चालेल, मौन नाही. पुढे एका मॉड्यूलचे पूर्ण पैसे भरले. ‘पुढच्या महिन्यात’ असं उत्तर आलं, मग उत्तरंच थांबली. त्याच सुमारास त्यांनी नव्या मॉड्यूलची जाहिरात सुरू केली. माझा संताप झाला तो तेव्हा. ‘अडचण आहे, तीन महिने लागतील’ एवढ्या ओळीवर मी खुशाल थांबलो असतो.

4. आगाऊ रक्कम म्हणजे बिनव्याजी कर्ज. किराणा दुकानातली ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी इथे उलटी होते: रोख आपली, उधारी त्यांची. शक्यतो दुकानात शिल्लक असलेला मालच घ्या. आगाऊ द्यायचेच, तर बुडाले तरी झोप उडणार नाही एवढेच द्या.

5. मॉड्यूल उलटून पाहा. वीजपुरवठ्याच्या पट्टीकेबलची लाल कड उणे 12 व्होल्टच्या बाजूला यावी लागते. केबल उलटी लागली तर मॉड्यूल जळू शकतं. त्यापासून वाचवणारे डायोड स्वस्तात मिळतात. ते ज्याने बसवलेत, त्याने गिऱ्हाइकाचा विचार केलाय.

6. दुरुस्तीचं आधी विचारा. भारतातून परत पाठवायचं तर दोन्हीकडचं कुरियर आणि कस्टमची कागदपत्रं आपल्याच गळ्यात. सर्किट खुलं असेल तर इथला जाणकारही हात घालू शकतो. फ्रान्सच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सने आपली बरीच सर्किट्स आणि कोड खुला ठेवला होता. कंपनीने काम थांबवलं, तरी तिच्या रचना इतरांच्या हातून बनतच आहेत.

7. भक्त होऊ नका. ‘बिचारा एकटा आहे, त्रास देऊ नका’ म्हणणारे चाहते त्याचंच नुकसान करतात. मी शेवटी चार ओळी लिहिल्या: ऑर्डर क्रमांक, भरलेली रक्कम, मुदत, आणि मुदतीत माल नाहीतर पैसे परत. शिवी नाही, विनवणी नाही. पैसे परत आले.

त्यांचा फिल्टर आजही माझ्या रॅकमध्ये आहे, आणि पुढचा निघाला तर तोही घेईन. फक्त दुकानात आल्यावर. तुम्हीही तसंच करा.