रतामाच्या झुडपाखालील विद्यार्थी

(अभ्यासपाठ. वाचावयाचा शास्त्रभाग : १ राजे, अध्याय १९ वा)

पाठाचा हेतू : कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींस आत्मिक जीवनापासून धीर कसा मिळतो व धीरापासून आनंद कसा उत्पन्न होतो, हे समजून घेणे, आणि ती खचली असता मंडळीने काय करावे, हे ठरविणे.



पुण्याहून पौडास जाणाऱ्या रस्त्याने पिरंगुट मागे टाकिले म्हणजे कासार आंबोली हे गाव लागते. ह्याच मुळशी तालुक्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट ह्यांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह झाला. त्या वेळी येथील मावळ्यांस आपली भातखाचरे पाण्याखाली जाणार ही चिंता होती. आज त्याच तालुक्यात लवळे येथील टेकड्यांवर सिम्बायोसिस व फ्लेम ही दोन विद्यापीठे उभी आहेत, आणि सकाळच्या बसगाड्या पाठीवर पिशव्या घेतलेल्या मुलामुलींनी भरून जातात. ज्या घरी आजोबांस सही करिता येत नव्हती, त्या घरची नात आज पदवीचा अभ्यास करीत आहे. ही देवाची कृपाच होय. परंतु ह्या कृपेबरोबर एक नवे ओझेही आपल्या घरात आले आहे, आणि त्याचा विचार आपण फारसा करीत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचा प्राण घेतला. त्यांपैकी १,७६४ आपल्या महाराष्ट्रातील होते, आणि इतर कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. सर्वोच्च न्यायालयास ह्या गोष्टीची इतकी काळजी वाटली की, मार्च २०२५ मध्ये त्याने उच्च शिक्षण घेणाऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्याकरिता एक राष्ट्रीय कृतिदल नेमिले. हे सर्व वाचून, ‘आमचा मुलगा देवभीरू आहे, त्याला असे काही होणार नाही,’ असे कोणी म्हणेल. त्याने आजचा शास्त्रभाग सावकाश वाचावा. कारण मरण मागणारा तो मनुष्य अविश्वासी नव्हता. तो देवाचा संदेष्टा एलीया होता.

१. तो केव्हा खचला?

कर्मेल डोंगरावर एलीयाचा मोठा जय झाला होता. त्यानंतर लगेच ईजबेल राणीने त्याला धमकी दिली आणि तो पळाला. म्हणजे पराभवाच्या मागून नव्हे, तर जयाच्या मागून त्याचे मन मोडले. आपल्या मुलांचेही पुष्कळदा असेच होते. गावच्या शाळेत जो पहिला येत होता, त्याचा पेढे वाटून सत्कार झाला. तोच मुलगा शहरातील वर्गात गेल्यावर शेवटच्या बाकावर बसतो, इंग्रजी व्याख्यान त्यास समजत नाही, आणि हे घरी सांगण्याची त्यास लाज वाटते.

आणखी दोन गोष्टी पाहा. एलीयाने आपल्या चाकरास बैर-शेबा येथे मागे ठेविले व तो एकटाच रानात गेला. मग रतामाच्या झुडपाखाली बसून तो म्हणाला की, मी आपल्या वाडवडिलांपेक्षा काही चांगला नाही. एकटेपणा आणि तुलना, ही दोन्ही तेथे आहेत. खोलीचे दार लावून बसणारा विद्यार्थी आणि सोबत्यांच्या गुणांशी आपले गुण रात्रंदिवस ताडून पाहणारा विद्यार्थी, हे दोघेही त्याच झुडपाखाली बसले आहेत.

२. देवाने प्रथम काय केले?

देवाने त्यास रागे भरले नाही. ‘तुझा विश्वास कोठे गेला?’ असेही विचारिले नाही. दूताने त्यास स्पर्श केला आणि निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी त्याच्या उशाशी ठेविले. तो जेवला व पुन्हा निजला. दूताने त्यास दुसऱ्यांदा उठविले व पुन्हा खाऊ घातले. प्रथम भाकर, प्रथम झोप, उपदेश मागाहून.

आत्मिक जीवन म्हणजे शरीर विसरणे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. परीक्षेच्या दिवसांत चार-चार रात्री जागणारा व खाणावळीचे पैसे वाचविण्याकरिता एक वेळ उपाशी राहणारा मुलगा जेव्हा म्हणतो की, ‘प्रार्थनेत माझे मन लागत नाही,’ तेव्हा त्यास आणखी एक स्तोत्र वाचावयास सांगण्यापूर्वी, तो जेवला आहे काय व त्यास झोप येते काय, हे विचारावे. ह्याच गरजेकडे पाहून पुण्यात १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन झाली, व खेड्यांतील गरीब मुलांस राहण्याजेवण्याची सोय मिळू लागली. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून श्रम करून शिकण्याची जी रीत घालून दिली, तिच्यावरूनच पुणे विद्यापीठातील ‘कमवा व शिका’ ही योजना चालते. ज्या मुलाचा हात स्वतःच्या कामाने भाकर मिळवितो, त्याची मानही सरळ राहते.

३. देवाने त्यास बोलू दिले

होरेब डोंगराच्या गुहेत देवाने एलीयास विचारिले की, तू येथे काय करीत आहेस? एलीयाने आपले सर्व दुःख सांगितले. देवाने त्यास मध्येच थांबविले नाही. वारा, भूमिकंप व अग्नी ही होऊन गेल्यावर जेव्हा मंद वाणी आली, तेव्हाही तोच प्रश्न विचारला गेला आणि एलीयाने तेच उत्तर पुन्हा दिले. दुःखी मनुष्य तीच गोष्ट दोनदा सांगतो. ऐकणाऱ्याने दोनदा ऐकावे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. केनेथ पार्गामेंट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने संकटात सापडलेल्या लोकांच्या धर्मभावनेचा दीर्घ काळ अभ्यास केला. त्याच्या संशोधनात असे दिसून आले की, ‘देव माझा सोबती आहे’ असे मानणाऱ्यास संकट सोसण्यास बळ मिळते. परंतु ‘देव मला शिक्षा करीत आहे, त्याने मला टाकिले आहे’ असे मानणाऱ्याचे दुःख पुष्कळदा वाढते. म्हणजे केवळ धार्मिक असणे पुरेसे नाही. देवाविषयी आपण मुलांस काय शिकविले आहे, ह्यावर फार अवलंबून आहे. नापास झालेल्या मुलीस, ‘तू उपासनेला चुकलीस म्हणून असे झाले,’ असे सांगणारा उपदेशक तिच्या हातातील काठीच काढून घेतो.

४. देवाने त्यास काम दिले व सोबती दिला

मग देवाने एलीयास आल्या वाटेने परत पाठविले. त्यास करावयाची कामे सांगितली, बारा जोड्या बैलांनी नांगर चालू असलेल्या शेतातून अलीशा हा सोबती दिला, आणि तू एकटा नाहीस, सात हजार अजून उरले आहेत, हेही कळविले. धीर म्हणजे दगडासारखे कठीण होणे नव्हे. वाकलेले भाताचे रोप पाऊस ओसरल्यावर पुन्हा उभे राहते, तसे उभे राहणे म्हणजे धीर. आणि रोप उभे राहते ते मुळांच्या बळाने.

ह्याचे उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यातील केडगावी आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील व बहीण गमाविली; १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती गेला. पदरी तान्ही मुलगी असता त्या १८८३ साली इंग्लंडात गेल्या, त्या वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने. परंतु त्यांस ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. ज्या विद्येकरिता समुद्र ओलांडला, तीच हाती येत नाही असे दिसल्यावर पुष्कळांनी हाय खाल्ली असती. रमाबाई चेल्टनम येथील कॉलेजात शिकत व संस्कृत शिकवीत राहिल्या. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी ह्यांस फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी मिळाली, तेव्हा तो समारंभ पाहावयास त्या हजर होत्या. जी पदवी आपणांस मिळू शकली नाही, ती दुसरीस मिळताना त्यांनी पाहिली. पुढे ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले, त्यानंतर केडगावी मुक्ती सदन वसविले, आणि मूळ भाषांवरून शास्त्राचे मराठी भाषांतर केले. एक दार बंद झाले म्हणून देवाचे घर बंद झाले नाही.

५. सुख व आनंद

सुख बाहेरून येते. गुण चांगले मिळाले, नोकरी लागली, म्हणजे सुख होते. गुण गेले की तेही जाते. आनंदाचे मूळ निराळे आहे. पौलाने फिलिप्पैकरांस आनंदाचे पत्र लिहिले ते बंदिवासातून, आणि तृप्त राहण्यास मी शिकलो आहे, असा त्याचा भावार्थ आहे. ‘शिकलो’ हा शब्द विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा. आनंद हा जन्माबरोबर मिळत नाही. तोही एक अभ्यास आहे, आणि त्यात हळूहळू प्रगती होते. रोमकरांस पाठविलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तोच पौल संकटातून धीर, धीरातून शील व शीलातून आशा अशी पायरी दाखवितो. ह्यांतील एकही पायरी परीक्षेच्या निकालावर उभी नाही.

६. मंडळीचे कर्तव्य

हवाई बेटांपैकी कौआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांची माहिती एमी वर्नर ह्या विदुषीने व तिच्या सोबत्यांनी कित्येक दशके ठेविली. दारिद्र्य, घरातील भांडणे, आईबापांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले चांगली, कर्तबगार माणसे झाली. त्यांच्या जीवनात पुष्कळदा एक गोष्ट आढळली : आईबापांवाचूनही जिव्हाळ्याने चौकशी करणारे एखादे वडील माणूस त्यांस लाभले होते. कोणास आजी, कोणास शिक्षक, कोणास मंडळीतील वडील. असे माणूस होण्यास पदवी लागत नाही. खेड्यातील उपदेशकास व साध्या विधवा बाईसही हे करिता येईल.

म्हणून पुढील गोष्टी कराव्या.

(अ) मुलगा सुटीत घरी आला असता ‘किती गुण मिळाले?’ हा प्रश्न पहिला विचारू नये. ‘बाळा, जेवण कसे मिळते? झोप लागते का? सोबती कोण आहेत?’ हे आधी विचारावे.

(आ) प्रत्येक शिकणाऱ्या मुलामुलीकरिता मंडळीतील एका वडील माणसाने आठवड्यातून एकदा फोन करण्याचे पत्करावे.

(इ) कोणी ‘जगून काय उपयोग?’ असे बोलू लागल्यास ते थट्टेवारी नेऊ नये. मरणाचे विचार मनात येतात काय, हे प्रेमाने व स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते विचार मनात शिरत नाहीत. उलट बोलण्यास वाट मिळते. त्यास एकटे सोडू नये व वैद्याकडे न्यावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट सल्ला मिळतो. वैद्याकडे जाणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. दूताने आणिलेली भाकरही देवाचीच होती.

(ई) नापास झालेल्या मुलाचे नावही प्रार्थनेत तितक्याच आदराने, परंतु त्याची लाज न काढता, घ्यावे.

विचारासाठी प्रश्न

१. एलीयाने चाकरास मागे का ठेविले असेल? आपल्या मंडळीतील कोणता विद्यार्थी अलीकडे एकटा राहू लागला आहे?

२. देवाने भाकर आधी व प्रश्न मागाहून, असा क्रम का ठेविला?

३. आपण मुलांस देव सोबती म्हणून शिकविला आहे, की केवळ परीक्षक म्हणून?

४. ह्या आठवड्यात आपण कोणास फोन करणार? त्याचे नाव आजच ठरवावे, आणि पुढील सभेस येण्यापूर्वी फोन करावा.