मात शोधणारं इंजिन काय पाहतं?

प्रश्न : बुद्धिबळाच्या इंजिनासमोर एखादी स्थिती मांडली की ते क्षणात ‘पाच चालींत मात’ असं सांगतं. एवढ्या वेळात ते सगळ्या शक्यता तपासतं का? शिवाय एका कोड्याला त्यानं बारा चालींत मात दाखवली, पुस्तकात मात्र आठ चालींचं उत्तर होतं. खरं कोणाचं मानायचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सगळ्या शक्यता कोणतंही इंजिन तपासत नाही. पाच चालींची मात म्हणजे पांढऱ्याच्या पाच चाली आणि काळ्याची चार उत्तरं, एकूण नऊ पायऱ्या. मधल्या डावात एका वेळी सरासरी ३५ चाली शक्य असतात असं धरलं, तर नऊ पायऱ्यांत सुमारे ७९ लाख कोटी शक्यता होतात. एवढा पसारा उपसत बसलं तर आजचा वेगवान संगणकही तुम्हाला क्षणात उत्तर देऊ शकणार नाही.

ते उत्तर मिळतं, कारण सक्तीची मात हा अंदाज नसतो, ती सिद्धता असते. ‘पांढरा जरा बरा आहे’ हे इंजिनाचं मत झालं. ‘काळ्यानं काहीही केलं तरी पाच चालींत मात’ हे भूमितीतल्या प्रमेयासारखं आहे, एकतर सिद्ध होतं किंवा होत नाही. आणि या सिद्धतेत दोन बाजूंवरचा भार सारखा नसतो. हल्ला करणाऱ्याला प्रत्येक वळणावर एकच बरोबर चाल सापडली तरी पुरते. बचाव करणाऱ्याच्या मात्र एकूण एक चालीला उत्तर तयार असावं लागतं. मात शोधण्याच्या बहुतेक युक्त्या याच फरकातून निघाल्या आहेत.

पट काढा आणि ही स्थिती मांडा. पांढरा : राजा जी१, वजीर एफ१, घोडा जी५, प्यादी एफ२, जी२, एच२. काळा : राजा जी८, वजीर बी२, हत्ती ए८, प्यादी जी७, एच७. चाल पांढऱ्याची. पांढऱ्यानं एच३ अशी साधी चाल केली तर काळ्यापुढे ३६ उत्तरं आहेत. वजीर सी४ वर आणून शह दिला तर फक्त दोन : राजा एफ८ किंवा एच८. एफ८ वर गेला तर वजीर एफ७, मात. एच८ वर गेला तर घोडा एफ७, शह, राजाला जी८ वर यावंच लागतं. मग घोडा एच६, दुहेरी शह. राजा पुन्हा एफ८ वर गेला तर वजीर एफ७ वर मात. एच८ वर गेला तर वजीर थेट जी८ वर, हत्तीला तो मारावाच लागतो, आणि घोडा एफ७ वर मात. राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडून मेला.

या सिद्धतेला शेवट किती? तीन. लाखो कोटींच्या रानात आपल्याला हव्या असलेल्या वाटा तीनच होत्या. म्हणजे प्रश्न वेगाचा कमी आणि कुठे आधी बघायचं याचा जास्त आहे.

पहिली काटछाट फार जुनी आहे आणि तिचं नाव अल्फा-बीटा. पांढऱ्याच्या एखाद्या चालीला काळ्याचं एक जरी चोख उत्तर सापडलं, तरी ती चाल तिथेच बाद होते. काळ्याची उरलेली उत्तरं बघण्याचं कारणच उरत नाही. चाली नेहमी उत्तम क्रमानं तपासल्या गेल्या, तर वरचे ७९ लाख कोटी सुमारे ५ कोटी ४० लाखांवर येतात. म्हणून क्रमाला एवढं महत्त्व. ज्या बचावानं मघाशी एक हल्ला मोडला, तोच पुढच्या हल्ल्यावर आधी लावून बघायचा. वेगळ्या क्रमानं खेळून तीच स्थिती पुन्हा आली तर ती नव्यानं सोडवायची नाही. यासाठी प्रत्येक स्थितीला एक ओळख-क्रमांक देऊन निकाल नोंदवून ठेवतात, आणि तो क्रमांक झटपट काढायची पद्धत अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये मांडली. मात देणारी शेवटची चाल शहच असते, तेव्हा शेवटच्या पायरीवर शह न देणाऱ्या चाली काढायच्याच नाहीत. ही बचत दिसायला किरकोळ, पण कोड्यात सर्वाधिक गर्दी याच पायरीवर असते.

मला सर्वांत देखणी वाटते ती मात्र पुढची कल्पना. नेदरलँड्सच्या व्हिक्टर अ‍ॅलिस यांच्या १९९४ च्या प्रबंधात ती सविस्तर आहे. प्रत्येक स्थितीला एक आकडा द्यायचा : इथून मात सिद्ध करायला अजून कमीत कमी किती स्थिती निकालात काढाव्या लागतील? पाळी हल्लेखोराची असेल तर पुढच्या स्थितींतला सर्वांत लहान आकडा घ्यायचा, कारण त्याला एकच वाट पुरते. पाळी बचावाची असेल तर सगळ्या आकड्यांची बेरीज, कारण सगळ्याच वाटा बंद करायच्या आहेत. आपल्या स्थितीत एच३ या चालीच्या वाट्याला सुरुवातीलाच ३६ येतात, वजीर सी४ ला २. इंजिन अर्थातच दोनच्या वाटेनं उतरतं. तिथे अडलं, आकडा फुगला, की दुसरी स्वस्त वाट धरतं. ‘मात नाही’ हे सिद्ध करायला उलटा हिशेब चालतो. बुद्धिबळाचं काहीही ज्ञान न देता, केवळ या मोजणीतून इंजिन शत्रूच्या राजाला कोंडत नेणाऱ्या चालींकडे आपोआप वळतं.

या पद्धतीची ताकद जपानच्या शोगी या खेळात दिसली. तिथल्या मातीच्या कोड्यांत हल्लेखोराची प्रत्येक चाल शहच असावी लागते, त्यामुळे उत्तरं थोडी आणि वाटा अरुंद पण लांब. कोजी हाशिमोतो यांचं ‘मायक्रोकॉसमॉस’ हे कोडं दोन्ही बाजूंच्या मिळून १५२५ चालींचं आहे. मासाहिरो सेओ यांच्या प्रोग्रॅमनं ते १९९७ मध्ये सोडवलं. स्मृती फार लागणं हा या पद्धतीचा दोष. आयुमु नागाई यांनी २००२ मध्ये तो बराच कमी केला.

बुद्धिबळाची कोडी याहून अवघड जातात, कारण चांगल्या रचनाकाराला पहिलीच चाल शहाची केलेली आवडत नाही. किल्ली असते एखाद्या शांत चालीत. फक्त शह तपासणारं इंजिन तिथे फसतं. मग एक चाचणी लावतात : काळ्याला एक पाळी सोडायला लावली तर पांढऱ्याला मात देता येते का? नसेल येत तर त्या शांत चालीत धमकी नाही, सोडून द्या. युक्ती उपयोगी आहे, पण सिद्धतेच्या कामात धोक्याची. कित्येक कोड्यांत काळ्याला धमकी कसलीच नसते, फक्त चाल करावी लागते म्हणून तो मरतो. पाळी सोडायची मुभा दिली की नेमकी तीच मात नजरेआड होते.

इथेच तुमच्या बारा आणि आठचं उत्तर आहे. स्टॉकफिशसारखं इंजिन डाव जिंकण्यासाठी बांधलेलं आहे. ते पाळी सोडण्याची ही चाचणी वापरतं, निरर्थक वाटणाऱ्या चाली उथळ तपासतं, आणि त्या भरात आठ चालींची वाट निसटू शकते. त्यानं शोध पूर्ण करून दाखवलेली बारा चालींची मात खरीच असते, पण ती सर्वांत लहान असेलच असं नाही. कोडी तपासणारे प्रोग्रॅम वेगळे असतात. रचनाकार वापरतात तो पॉपाय असला धोका पत्करत नाही. तो हळू चालतो, पण ‘सात चालींत मात नाही’ असं म्हणाला तर ती खरोखर नसते.

मोहरे फार थोडे उरले की शोधाची गरजच संपते. मातीच्या स्थितीपासून उलट मागे येत सगळ्या स्थिती एकदाच सोडवून ठेवतात. मॉस्को विद्यापीठाच्या संगणकावर २०१२ मध्ये दोन राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतचं असं कोष्टक पुरं झालं. त्यातली सर्वांत लांब मात ५४९ चालींची आहे.

या शोधाची सुरुवात १९५१ ची. मँचेस्टरमध्ये डीट्रिख प्रिन्झ यांनी फेरांटी मार्क १ या यंत्रावर दोन चालींच्या मातीचा प्रोग्रॅम चालवला. पूर्ण डाव त्या यंत्राच्या स्मृतीत मावत नव्हता, म्हणून त्यांनी एवढाच तुकडा घेतला. एका कोड्याला सुमारे पंधरा मिनिटं लागली.

तेव्हा तुमच्या पुस्तकातलं उत्तर खोडू नका. ती स्थिती पॉपायला द्या, आठ चालींची मर्यादा घाला आणि त्याचं काम संपेपर्यंत थांबा. आठ चालींत मात असेल तर तो ती दाखवील. नसेल, तर पुस्तकातली चूक प्रकाशकाला जरूर कळवा.