सप्तकावांचून स्वरमालिका

मध्य षड्जाचीं कंपनें सेकंदास २४० धरलीं, तर तार षड्जाचीं ४८० होतात. कंपनें दुप्पट झालीं कीं स्वर तोच, पण उंच, असा कानास भासतो. म्हणून आपली स्वरमालिका तेथून पुन्हां सुरू होते. परंतु दुपटीऐवजीं तिपटीवर ही पुनरावृत्ति करतां येईल काय? हाइन्त्स बोलेन या जर्मन अभियंत्यानें १९७२ च्या सुमारास अशी एक मालिका रचिली. पुढें १९७८ मध्यें हॉलंडचे केस फान प्रोइयेन यांनीं व १९८४ मध्यें अमेरिकेचे जॉन पिअर्स यांनीं स्वतंत्रपणें तीच रचना शोधून काढिली.

तिची रीत अशी : २४० ची तिप्पट ७२०, हा आपला तार पंचम होय. या दोहोंमधील अंतराचे सारख्या प्रमाणाचे १३ भाग पाडावयाचे. प्रत्येक स्वर मागील स्वराच्या सुमारें १.०८८२ पट येतो. पण तेराच कां? सा, ग, प यांचें प्रमाण ४:५:६ असतें. येथें त्याऐवजीं ३:५:७ हा मेळ, म्हणजे २४०, ४०० व ५६०, साधावयाचा आहे. षड्जानंतरचा सहावा स्वर ३९८.५ वर व दहावा ५५८.८ वर पडतो. मेळ जवळजवळ बसतो. मात्र आठवा ४७२ वर व नववा ५१३.५ वर येत असल्यानें ४८० चा तार षड्ज या मालिकेंत कोठेंच सांपडत नाहीं!

मग हें संगीत कीं नुसतें गणित? याचें उत्तर पुष्कळसें वाद्यावर अवलंबून आहे. तंतुवाद्यें व मनुष्याचा कंठ यांच्या नादांत मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सर्व स्वयंभू स्वर असतात. तेथें दुपटीचें राज्य साहजिक आहे. बासरी जोरानें फुंकली असतां स्वर दुपटीवर जातो. बँडांतील क्लॅरिनेट मात्र वरच्या पट्टींत तिपटीवर जातें. कारण त्याची नळी एकसारख्या रुंदीची व एका टोंकास बंद असल्याप्रमाणें वागते, आणि तींत तिप्पट, पांचपट असे विषम स्वरच ठळक असतात. म्हणून टोरॉन्टोचे स्टीफन फॉक्स यांनीं या मालिकेकरितां मुद्दाम क्लॅरिनेटें बनविलीं. २०१० सालीं बॉस्टन येथें या विषयावर परिषदही भरली.

यावरून सप्तक खोटें ठरलें असें कोणीं समजूं नये. नित्याच्या नियमाचें कारण विचारल्यानें नियम मोडत नाहीं. तो कोठवर चालतो, एवढें कळतें. वाचकांनीं २४० ला १.०८८२ नें तेरा वेळां गुणून पाहावें. ७२० ची गांठ पडते कीं नाहीं, हें वहीवरच दिसेल.