पोरगं हायस्कुलात आलं, आता तुम्हीही या

आईबाबांनो, सातवीचा निकाल लागला की गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांतून मुलं बाहेर पडतात आणि जूनमध्ये आमच्या हायस्कुलात आठवीला येतात. कुणी वाडीवरून, कुणी शेतातल्या वस्तीवरून, कुणी पार शेवटच्या एसटीच्या गावाहून. मी बरीच वर्षं आठवीच्या वर्गाला शिकवते आहे. दरवर्षी एक गोष्ट माझ्या मनाला लागते, ती आज तुमच्याशी मोकळेपणानं बोलते. मूल आठवीत येतं आणि त्याचे आईवडील शाळेत यायचे थांबतात.

का थांबतात, तेही मला कळतं. गावातली शाळा तुमच्या वाटेवर होती. रानात जाताना गुरुजी भेटायचे, दळण आणताना बाईंशी दोन शब्द व्हायचे. आता शाळा पाच-सात किलोमीटर लांब. मोठी इमारत, फाटकाशी शिपाई, ऑफिसात टेबलामागं क्लार्क. यायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते. शिवाय मनात असतं की पोरगं आता मोठं झालं, त्याचं तो बघेल. आणि आपल्याला त्या अभ्यासातलं काय कळतंय? माझं म्हणणं याच्या उलट आहे. पहिली-दुसरीत मूल तुमच्या नजरेसमोर होतं. आता ते नजरेआड जातंय आणि नेमकं याच वेळी त्याच्या आयुष्यात सगळं एकदम बदलतंय.

काय बदलतं ते जरा सविस्तर सांगते, कारण मुलं घरी येऊन हे सांगत नाहीत.

गावच्या शाळेत वर्गात पंधरा-वीस मुलं होती. एकच गुरुजी किंवा बाई सगळे विषय शिकवायच्या. कुणाचा बाप आजारी आहे, कुणाच्या घरी बारसं झालं, कोण उपाशी आलंय, हे त्यांना न सांगता कळायचं. हायस्कुलात एका तुकडीत साठ मुलं बसतात. दर तासाला घंटा होते आणि वेगळे सर, वेगळ्या बाई वर्गात येतात. गणिताचे सर वहीला समास आखायला सांगतात, विज्ञानाच्या बाईंना आकृत्या कोऱ्या पानावर हव्या असतात, इंग्रजीच्या सरांना गृहपाठाची वही वेगळी लागते. या सगळ्यांना तुमच्या मुलाचं नाव पाठ व्हायलाच जुलै संपतो. तोवर तो हजेरीतला एक नंबर असतो. गावच्या शाळेत जो वर्गाचा मॉनिटर होता, प्रार्थना सांगायचा, पंधरा ऑगस्टला भाषण करायचा, तो इथं तिसऱ्या बाकावर गप्प बसलेला मला दिसतो.

त्यात त्याची बोली. घरी, गावात जसं बोलतात तसं तो वर्गात बोलतो आणि मागून कुणीतरी हसतं. एकदा हसलं की पुढचे कित्येक आठवडे तो हात वर करत नाही. उत्तर येत असलं तरी करत नाही. अशा मुलाला घरी कुणी ‘नीट बोलायला शिक’ म्हणून दटावू नका. तुमची भाषा त्याची हक्काची आहे. वर्गात हसणाऱ्यांना समज देणं हे आमचं काम आहे, आणि ते आम्ही करायला हवं, म्हणून तुम्ही आम्हाला येऊन सांगायला हवं.

मग पहिली घटक चाचणी होते आणि गुण घसरतात. घरात खापर फोडलं जातं: मोबाईल बघतो, लक्ष नाही, संगत बिघडली. माझा अनुभव असा की पहिल्या चाचणीत घसरलेली बरीच मुलं हुशार असतात. त्यांना अजून जागा सापडलेली नसते, इतकंच. म्हणून पहिले दोन महिने गुण विचारूच नका. दुपारची खिचडी कुणाच्या शेजारी बसून खाल्लीस, ते विचारा. एसटीत कुणाबरोबर उभा होतास, कोणत्या सरांचं शिकवणं कळतं, कोणाची भीती वाटते, ते विचारा. आठवड्यामागून आठवडे त्याच्या तोंडी एकाही मित्राचं नाव आलं नाही, तर मात्र शाळेत या. गुणांपेक्षा ती काळजीची गोष्ट आहे.

आता मे महिन्यातली कामं. शाळा सोडल्याचा दाखला हातात घेतल्यावर घडी करून पिशवीत टाकू नका. तिथंच उभं राहून वाचा, वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. मुलाचं, वडिलांचं, आईचं नाव, आडनावातली वेलांटी-उकार, जन्मतारीख, जन्मगाव, जात-पोटजात. आधार कार्डावर एक आणि दाखल्यावर दुसरं असेल, तर आत्ताच मुख्याध्यापकांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. हीच नोंद पुढं दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते, जातीच्या पडताळणीला हीच लागते. दहावी झाल्यावर एक अक्षर बदलायचं तर किती हेलपाटे पडतात, ते ज्यांनी घातलेत त्यांना विचारा.

आणि कायदा तुमच्या बाजूचा आहे, तो ठाऊक असू द्या. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा आठवीपर्यंत लागू आहे. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून आठवीचा प्रवेश अडवता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा तुमची मुलाखत घेता येत नाही, देणगीही मागता येत नाही. कुणी मागितली तर नम्रपणे या कायद्याचं नाव घ्या.

सेमी घ्यावं का, हे सगळे विचारतात. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. मूल सातवीपर्यंत मराठीतून शिकलं असेल आणि इंग्रजीचा धडा त्याला वाचून समजत नसेल, तर शेजारच्याच्या मुलानं घेतलं म्हणून तुम्ही घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. गणितात अडतंय की इंग्रजीत, हेच मग कुणाला कळत नाही, ना मुलाला, ना सरांना.

रस्त्याचं मात्र आधी ठरवा. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास मोफत आहे. मुलांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे तिकिटाचा जेमतेम तिसरा हिस्सा भरायचा. २०२४ च्या जूनपासून पास थेट शाळेत देण्याची मोहीम एसटी महामंडळानं सुरू केली आहे. तुमच्या शाळेत पास मिळत नसतील तर मुख्याध्यापकांना आगारात पत्र द्यायला सांगा. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस असतात आणि आठवीपासून पुढच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदतही मिळते. शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा मुलीला घेऊन त्याच गाडीनं या आणि त्याच गाडीनं परत जा. शाळा सुटल्यावर गाडी यायला किती वेळ लागतो, तोवर मुली कुठं थांबतात, थांब्यावर कोण असतं, हे आईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बरं. मुलीला शाळेतून काढण्याचा विचार घरात बहुतेक वेळा या थांब्यावरून सुरू होतो, अभ्यासावरून नाही.

आयांनो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचंय. काही मुलींना पाळी सातवीच्या आधीच आलेली असते, काहींना आठवी-नववीत येते. ती वर्गात पहिल्यांदा आली तर काय करायचं, हे तिला तुमच्या तोंडून कळलेलं असू द्या. दप्तरात एक पॅड आणि जास्तीचा कपडा ठेवा. प्रवेश घेतानाच मुलींचं स्वच्छतागृह पाहायला मागा. दार लागतं का, आत पाणी आहे का, ते बघा. हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. पाणी नसलेल्या स्वच्छतागृहापायी मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि महिन्यातले चार दिवस घरी बसतात. कुणी छेड काढत असेल तर ‘तूच नीट वाग’ हे वाक्य तिच्या कानावर पडू देऊ नका. ते एकदा ऐकलं की पुढचं काहीच ती तुम्हाला सांगणार नाही. शाळेत तक्रारपेटी असते, मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असते, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर कुठूनही मोफत लागतो. तो मुलाला आणि मुलीला, दोघांनाही पाठ करून द्या.

मुलांच्या बापांनाही सांगते. या वयात पोराचा आवाज फुटतो, तो उलट बोलतो, दार आपटतो. त्याच वेळी त्याच्या हातात ट्रॅक्टरचं स्टिअरिंग आणि मोटारसायकलची किल्ली येते, कारण तो कामाला येऊ लागलेला असतो. पेरणीला चार दिवस घरी ठेवलं, खुरपणीला दोन, कुणाच्या लग्नाला आठवडा. मुलाला वाटतं, शाळा बुडाली तरी चालतं. बुडालेला तास गावच्या शाळेत गुरुजी संध्याकाळी भरून काढायचे. इथं गणिताचे सर पुढच्या तासाला पुढच्या प्रकरणात असतात.

आठवीचं वर्ष तरी सांभाळून घेणारं आहे. पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, अनुदानित शाळेत दुपारचं जेवण मिळतं. गणवेश मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत मिळत होता, खाजगी अनुदानित हायस्कुलात तो बहुधा स्वतः शिवावा लागतो, तेवढे पैसे बाजूला ठेवा. वार्षिक परीक्षेकडंही आता दुर्लक्ष नको. पाचवी आणि आठवीत नापास झाल्यास फेरपरीक्षेची संधी मिळते आणि त्यातही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहू शकतं.

खरी परीक्षा नववीची. आठवीबरोबर मोफत शिक्षणाचा तो कायदा संपतो. पुस्तकं विकत घ्यावी लागतात, दुपारची खिचडी बंद होते. याच कायद्यातल्या पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना नववीपासून फी सुरू होते आणि कित्येक घरांत ती रक्कम ऐकून जीव दडपतो. अभ्यासही बदलतो. गणिताच्या एका पुस्तकाची दोन होतात, बीजगणित आणि भूमिती. गणिताचे ४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुण अंतर्गत, म्हणजे दहावीचाच साचा. ज्या मुलाला आठवीपर्यंत अपूर्णांक आणि ऋण संख्या पक्क्या झाल्या नाहीत, त्याला बीजगणिताचं पहिलं पान उघडतच नाही. तो नववीत नापास होतो, घरी बसतो, आणि त्याचं नाव हजेरीतून कधी गळलं हे गावात कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पैशाची आणि अभ्यासाची, दोन्ही तजवीज आठवीतच करायची.

पैशासाठी एनएमएमएसची शिष्यवृत्ती आहे. आठवीत असतानाच तिची परीक्षा होते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट) आणि शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित, एवढ्या अटी. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात. दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० गुणांचे. एक बुद्धिमत्तेचा, दुसरा सातवी-आठवीच्या अभ्यासाचा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायला वेळ जातो, तो जूनमध्येच काढा. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते पाहा. पात्र असूनही अर्जच न भरलेली मुलं मी दरवर्षी पाहते आणि मला फार वाईट वाटतं.

दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्याच्या पट्ट्यात जाणाऱ्या आईबाबांना तर हात जोडून सांगणं आहे. निघायच्या आधी शाळेत येऊन जा. मूल आजीजवळ राहणार असेल तर आजीला आमच्यापुढं आणून भेटवा, तिचा नाहीतर शेजाऱ्याचा फोन नंबर वर्गशिक्षकांच्या वहीत लिहून द्या. हंगामी वसतिगृहाची सोय आपल्या भागात आहे का, ते विचारा. मुलीला धाकट्या भावंडांना सांभाळायला सोबत नेण्याचं मनात असेल, तर तेही येऊन बोला. मिळून काहीतरी वाट काढू. न सांगता निघून गेलात, तर आम्ही फक्त तिच्या नावापुढं गैरहजेरी मांडत राहतो.

यायचं कधी? तालुक्याच्या आठवडी बाजारादिवशी या. तुम्ही त्या दिवशी इकडं येताच. पिशवी भरायच्या आधी अर्धा तास शाळेकडं वळा, मधल्या सुट्टीत आलात तर सगळे सर भेटतात. कपडे कसे आहेत, बोलणं कसं आहे, सही येते की अंगठा, यानं आम्हाला काही फरक पडत नाही. वर्गशिक्षकांना तीन गोष्टी विचारा: माझं मूल रोज येतं का, वर्गात बोलतं का, आणि कोणत्या विषयात मागं आहे. त्यांनी घाईत ‘ठीक आहे’ म्हणून उत्तर दिलं, तर तेवढ्यावर उठू नका. वही दाखवा म्हणा. वहीत लाल शेरे आहेत का, की पानं नुसतीच कोरी आहेत, हे बघायला शाळा शिकलेली असावी लागत नाही. आणि निघताना आमच्याकडून आमचा फोन नंबर मागून घ्या. तुमचा आम्ही मागायच्या आधीच द्या. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात शाळा सुरू झाली की त्यानंतरच्या पहिल्या बाजाराला मी वाट बघते.